निलगिरी तोडण्याआधी तिचा ताण ओळखा

पाऊस सरला की गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणकडे निलगिरीच्या तोडीचे बेत सुरू होतात. झाड आडवे पडल्यावर काही तासांतच ओंडक्याच्या तोंडावर चांदणीसारख्या चिरा उमटतात, आणि वखारीत करवतीखालून निघतानाच फळी धनुष्यासारखी वाकते. मग बोलणी खातो करवतवाला. त्याची चूक असतेही कधीकधी, पण मूळ कारण झाड उभे असतानाच तयार झालेले असते.

सालीखाली तयार होणारे नवे लाकूड पक्के होताना लांबीत आकसू पाहते. आतले जुने लाकूड त्याला आकसू देत नाही. त्यामुळे खोडाचा बाहेरचा भाग ताणलेला राहतो आणि गाभा दाबलेला. उभ्या झाडाला वाऱ्यात हा ताण उपयोगीच पडतो. करवत फिरली की तोल सुटतो. बारीक खोडात ताण आणि दाब अगदी जवळजवळ असतात, म्हणून घाईने तोडलेल्या कोवळ्या झाडाच्या फळ्या जास्त वाकतात. फळ्या हव्या असतील तर झाड जाड होऊ द्या. वासे किंवा सरपणच हवे असेल तर एवढे थांबायची गरज नाही.

आत्ताच मळ्यात एक फेरी मारा. कातळावर मुळे उथळ असतात, तिथली झाडे पावसाळी वाऱ्याने कललेली दिसतील. कललेले झाड सावरण्यासाठी खोडाच्या वरच्या, म्हणजे कलाच्या उलट बाजूला जास्त ताणाचे लाकूड घालते. ते कापताना लोकरीसारखे तंतू काढते आणि सुकताना लांबीतही आखडते. अशा झाडांना चुन्याची खूण करून ती सरपणाला ठेवा. ती तोडताना बुंधा उभा चिरून मागे उसळू शकतो, म्हणून काम सरावलेल्या माणसालाच द्या. गोव्यात 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, तेव्हा तोडीआधी वृक्ष अधिकाऱ्याकडे परवानगीचे विचारून घ्या.

ओंडके शक्य तितके लांब ठेवा. तुकडे वाढले की चिरणारी तोंडेही वाढतात. दोन्ही टोकांना वीतभर जादा लांबी सोडा, तोंडांना लगेच डांबर किंवा मेण फासा, ओंडके सावलीत ओले ठेवा आणि लवकर वखारीत न्या. तिथे एकाच बाजूने फळ्या काढत सुटू नका म्हणावे. एक या बाजूची, एक समोरची, असा ओंडका फिरवत कापला तर ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. गाभ्याची फळी ठिसूळ निघते, ती बाजूलाच काढा.

फळ्या उन्हात वाळवू नका, निलगिरी घाईने सुकली की आतून बसते, म्हणजे आतल्या पेशी कोसळून फळी खपाटते. छपराखाली हातभर अंतरावर सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थर रचा आणि वर जांभ्या दगडांचे वजन ठेवा.

खुंट जमिनीलगत, तिरका छाटा म्हणजे त्यावर पाणी साचणार नाही. फुटवे आले की वाऱ्याकडच्या बाजूचा एखादा सरळ तेवढा राखा. आडोशाच्या बाजूचा फुटवा पुढच्या पावसात खुंटापासून निसटतो.