मिग-२१चे मॉडेल बांधताना या चुका टाळा

रंगाचा शेवटचा हात दिल्यावर विमानाच्या पाठीवर मधोमध एक बारीक रेघ उमटते आणि मॉडेल करणारा रंगाला नावे ठेवत पुन्हा एक थर मारतो. रेघ तशीच राहते, कारण ती रंगातली नसते. धडाच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातली असते. लढाऊ विमानांच्या किटमध्ये, म्हणजे जोडायच्या प्लॅस्टिक भागांच्या संचात, बिघडणारी बहुतेक कामे याच जातीची असतात. दोष एका टप्प्यावर दिसतो आणि त्याचे मूळ दोन-तीन टप्पे आधी गाडलेले असते. म्हणून या लेखात चूक दिसते कुठे यापेक्षा ती होते कुठे याकडे जास्त लक्ष दिले आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागातले ऊन, पाणी आणि हवा यांमुळे होणाऱ्या चुकांनाही मुद्दाम जागा दिली आहे, कारण जपानी किंवा चेक किटसोबत येणाऱ्या माहितीपत्रकात त्यांचा विचार केलेला नसतो.

उदाहरणासाठी मिग-२१ घेतले आहे. हे विमान १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. मधल्या काळात अशी शेकडो विमाने हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझर येथील कारखान्यात तयार झाली. धुळ्याहून महामार्गाने नाशिकला जाणाऱ्याला हे गाव वाटेतच लागते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर आहे, म्हणजे १/७२ प्रमाणात तो जेमतेम १० सेंटिमीटर आणि १/४८ प्रमाणात सुमारे १५ सेंटिमीटर भरतो. नवख्याने स्वस्त म्हणून १/७२ घेण्यापेक्षा थोडे थांबून १/४८ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण लहान प्रमाणात प्रत्येक चूक त्या मानाने मोठी दिसते.

पेटी उघडण्यापूर्वीची चूक

मिग-२१ हे एक विमान नसून एक कुटुंब आहे, हे न पाहता किट घेतले जाते. हवाई दलाच्या टाइप ७७ म्हणजे एफएल प्रकाराची कॅनपी (कॉकपिटवरचे काचेचे झाकण) पुढच्या बाजूच्या बिजागरीवर उघडते, तर टाइप ९६ आणि टाइप ७५ म्हणजे बिस यांची कॅनपी उजवीकडे उघडते. एफएलच्या नाकावरची लांब पिटॉट नळी (वेग मोजण्यासाठीची) मधोमध असते. नंतरच्या प्रकारांत ती उजवीकडे सरकलेली आहे. बिसची पाठ एफएलपेक्षा ठळकपणे जाड आहे. बिसच्या किटवर १९७१ च्या युद्धातील एफएलचे क्रमांक चिकटवले, तर पुढचे काम कितीही सफाईदार झाले तरी जाणकाराचे लक्ष आधी त्या पाठीकडेच जाईल. कोणते विमान करायचे ते आधी ठरवावे, त्याच विमानाची दोन-चार छायाचित्रे समोर ठेवावीत आणि मगच किट निवडावे.

सुटे भाग आणि सांधे

साच्यातून प्लॅस्टिक सहज निघावे म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट अंश भागांवर राहिलेला असू शकतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून सर्व स्प्रू (भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटी) मऊ ब्रशने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. मास्किंग टेप काढताना रंगाचे पापुद्रे निघत असतील, तर हे धुणे राहून गेलेले असते किंवा प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर लावलेला नसतो. रंग बदलून उपयोग होत नाही.

भाग हाताने पिळून तोडू नयेत. पिळलेल्या जागी प्लॅस्टिक पांढरे पडते किंवा त्याचा टवका निघतो. निपरने आधी थोडे लांब आणि मग कडेला असे दोनदा कापावे, उरलेला खुंट ब्लेडने व वॉटर पेपरने काढावा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीच्या सामानात बारीक टोकाचे चिमटे आणि निपर मिळतात. परदेशी हत्यारांवाचून पहिले मॉडेल अडत नाही.

आता सांध्याकडे येऊ, कारण सर्वांत जास्त मॉडेले इथेच बिघडतात. घरात असलेले फेविक्विक काढून धड जोडले जाते. सायनोअॅक्रिलेट जातीचा हा गोंद प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला धरून ठेवतो, तर पॉलिस्टायरिनसाठीचे मॉडेल सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. सिमेंटमध्ये भाग जुळवून घ्यायला थोडा वेळ मिळतो, फेविक्विकमध्ये तो मिळत नाही आणि पंख किंचित वाकडा बसला की वाकडाच राहतो. मिग-२१ मध्ये हे विशेष जाणवते, कारण त्याचे पंख आडव्या रेषेत नसून टोकाकडे सुमारे २ अंश खाली झुकलेले आहेत. एक पंख सपाट आणि दुसरा झुकलेला बसला, तर समोरून पाहणाऱ्याला ते ताबडतोब कळते. पंख लावल्यावर मॉडेल समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची मोजावी आणि सिमेंट पूर्ण धरेपर्यंत टेपने आधार द्यावा.

पातळ सिमेंट फटीत आपोआप ओढले जाते, म्हणून ते फटीच्या एका टोकाला ब्रशने नुसते टेकवायचे असते. बोट फटीवर ठेवून सिमेंट सोडले, तर ते बोटाखाली शिरते आणि ठसा प्लॅस्टिकमध्ये कायमचा उठतो. अशा वेळी पुसायला जाऊ नये. हात लांब ठेवून ते पूर्ण वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी घासून काढावे.

पाठीवरची ती रेघ येते दोन कारणांनी. पहिले कारण घाईचे आहे. सिमेंटने मऊ झालेला सांधा काही तासांतच घासून सपाट केला, तर आतला द्रावक पुढे उडत राहतो, प्लॅस्टिक आक्रसते आणि रंगाखाली बारीक खाच पडते. सांधा किमान एक दिवस, शक्य तर दोन दिवस तसाच ठेवावा. दुसरे कारण पुट्टीचे. मोटार गॅरेजमध्ये वापरतात ती एन.सी. पुट्टी स्वस्त आणि चांगली असते, पण तीही वाळताना आक्रसते. एका वेळी जाड लेप भरला की वरचा पापुद्रा सुकतो आणि आतला भाग आठवडाभर बसत राहतो. पातळ लेप दोन-तीनदा द्यावेत, ४०० पासून सुरुवात करून ६०० आणि १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासावे आणि मग त्या जागी करड्या प्रायमरचा हलका फवारा मारून उजेडात तिरके पाहावे. रेघ दिसायची असेल तर ती याच वेळी दिसू द्यावी. रंग दिल्यानंतर दिसली, तर तिथपर्यंतचा रंग उतरवून पुन्हा पुट्टीपासून सुरुवात करण्याखेरीज मार्ग नाही; वरून थर चढवत राहिल्याने फक्त पॅनेल लाइन, म्हणजे विमानाचे पत्रे जुळतात तिथल्या कोरीव रेषा, बुजतात.

पॅनेल लाइनबद्दल जाता जाता एक हिशेब सांगतो. १/७२ प्रमाणात ०.३ मिलिमीटर रुंदीची खाच म्हणजे खऱ्या विमानावर दोन सेंटिमीटरहून मोठी फट होते. घासताना गेलेल्या रेषा पुन्हा कोरताना हात जड ठेवू नये.

शेपटीवर बसणारे विमान

सर्व भाग लागून विमान चाकांवर उभे केले आणि ते नाक वर करून शेपटीवर बसले, की पुढे काही करता येत नाही, कारण धड बंद झालेले असते. मागच्या भागाचे वजन मुख्य चाकांच्या मागे जास्त पडले की असे होते. इंजिनाचे रेझिनचे जड नॉझल लावणाऱ्यांना तर याची खात्रीच बाळगावी लागते. मिग-२१ मध्ये वजन लपवायला जागा आयती आहे ती नाकातल्या शंकूत. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसे किंवा जुन्या बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या त्यासाठी पुरतात. धड, पंख आणि शेपटी टेपने तात्पुरती जोडून मुख्य चाकांच्या जागी आधार द्यावा आणि नाक खाली जाईपर्यंत वजन वाढवावे. त्यावर थोडे जास्तच ठेवावे.

यात एक छुपी चूक आहे. शिसे फेव्हिकॉलने चिकटवू नये. पांढऱ्या गोंदातल्या आम्लामुळे बंद जागेत शिशावर हळूहळू पांढरा थर तयार होतो आणि तो फुगतो; काही वर्षांनी सांधा उकलतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. शिसे एपॉक्सीने बसवावे.

रंग, ऊन आणि कूलर

एअरब्रशसाठी (हवेच्या दाबाने रंग फवारणारे हत्यार) अॅक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून १५ ते २० पीएसआय दाबावर मारावा, हे सगळीकडे सांगितले जाते आणि ते बरोबर आहे. मात्र एप्रिल-मे महिन्यांत भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी हेच प्रमाण धरले, तर रंगाचे तुषार प्लॅस्टिकवर पोहोचण्यापूर्वी हवेतच सुकतात आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. नोझलच्या टोकावरही रंग सुकून साचतो आणि मध्येच थेंब उडतो. उपाय तीन आहेत : काम पहाटे किंवा रात्री करावे, रंगात थोडे रिटार्डर (रंग उशिरा सुकवणारे द्रव्य) घालावे आणि फवारा नेहमीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जवळून मारावा. खरखर आलेलीच असेल, तर रंग पक्का वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने ओल्याने हलके घासून पातळ थर द्यावा.

यावर लोक हमखास करतात तो उपाय म्हणजे डेझर्ट कूलरसमोर बसून रंगवणे. अॅक्रिलिकला त्याचा फारसा त्रास होत नाही, पण लॅकर जातीच्या रंगावर आणि वॉर्निशवर दुधाळ पांढरट झाक येते. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि कूलरच्या दमट हवेतल्या वाफेचे तिथे पाणी होऊन ते थरात अडकते. पावसाळ्यात श्रावणातल्या झडीतही हेच घडते. अशी झाक आली तर घाबरून वर आणखी वॉर्निश मारू नये. कोरड्या दिवशी त्याच जातीच्या थिनरचा अतिशय हलका फवारा दिल्यास वरचा थर पुन्हा ओला होऊन ते पाणी निघून जाते आणि बहुतेक वेळा झाक जाते.

हार्डवेअरच्या दुकानातला एन.सी. थिनर एअरब्रश धुण्यापुरता ठेवावा. उघड्या पॉलिस्टायरिनवर तो पडला तर प्लॅस्टिक खातो.

कापसाच्या हंगामात आणखी एक त्रास असतो, विशेषतः जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांना. हवेत तरंगणारी रुईची तूस ओल्या रंगावर बसते आणि चांदी रंगाच्या मिगवर ती ओरखड्यासारखी दिसते. रंगवण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावे, पंखा बंद ठेवावा आणि रंग मारून झाल्याबरोबर मॉडेलवर रिकामे खोके पालथे घालावे. हवाई दलाच्या सुरुवातीच्या मिगचा तो मूळ धातूचा रंग फार देखणा आहे, पण तो प्रायमरखालचा प्रत्येक ओरखडा उघड करतो, म्हणून पहिल्याच मॉडेलवर त्याचा हट्ट धरू नये. करड्या रंगातले नंतरचे मिग चुका पोटात घालते.

डिकल आणि पाणी

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे; त्यांच्या पारदर्शक कडेखाली चंदेरी चमक दिसते, ती अडकलेल्या हवेची असते. मॅट रंगाचा पृष्ठभाग खडबडीत असल्याने डिकल त्यावर पूर्ण टेकत नाही. आधी चकचकीत वॉर्निश, मग डिकल, त्यावर सेटिंग सोल्युशन (डिकल मऊ करून बसवणारे द्रव्य) आणि सर्वांत शेवटी मॅट वॉर्निश हा क्रम मोडू नये. चमक आलीच, तर बारीक सुईने डिकलला टोचून त्या जागी सोल्युशनचा थेंब सोडावा आणि ओल्या कापडाने दाबावे. एका दिवसाच्या अंतराने हे दोनदा करावे लागते.

बोअरच्या पाण्यात डिकल भिजवणे ही खास आपल्याकडची चूक. पाणी जड असल्याने सुकल्यावर हवाई दलाच्या तिरंगी गोलाच्या भोवती क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि वॉर्निशखाली ते कायमचे बंद होतात. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. डाग वॉर्निशआधी दिसले, तर त्याच पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीने ते निघतात. जुन्या किटमधले पिवळे पडलेले डिकल मात्र आपल्या उन्हाने सुधारतात : पारदर्शक पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून चिकटवावेत आणि रोज पाहत राहावे.

काच आणि नाजूक भाग

कॅनपी आतून धुरकट झाली असेल, तर दोष फेविक्विकच्या वाफेचा असतो. कॅनपीला लावलेलाच नव्हे, तर बंद कॉकपिटमध्ये नुकताच वापरलेला हा गोंदही वाफ सोडत राहतो. काचेचे भाग फेव्हिकॉलने लावावेत. तो पारदर्शक वाळतो आणि सांडलेला ओल्या कापडाने पुसता येतो. धुरकटपणा उथळ असेल, तर टूथपेस्टने घासून चकचकीत अॅक्रिलिक वॉर्निशमध्ये कॅनपी बुडवून काढावी. कॅनपी लावण्याआधी कॉकपिटचा निळसर हिरवा रंग आणि चाकांच्या मध्याचा हिरवा रंग छायाचित्राशी ताडून पाहावा, कारण करड्या रंगाची सवय झालेला हात तिथेही करडाच फिरतो.

पिटॉट नळी सर्वांत शेवटी लावावी. प्लॅस्टिकची नळी हमखास मोडते. त्याऐवजी इंजेक्शनच्या जाड सुईचे टोक कापून घासले, तर सरळ आणि मजबूत नळी मिळते. वॉशसाठी, म्हणजे रेषांत भरायच्या अतिपातळ गडद रंगासाठी, मिनरल टर्पेंटाइन वापरताना चाकांच्या पायांवर ते साचू देऊ नये, कारण उघड्या आणि ताणाखाली असलेल्या प्लॅस्टिकला त्याने तडे जातात आणि विमान एका बाजूला बसते.

तयार मॉडेल पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पॉलिस्टायरिन उकळत्या पाण्याच्या तापमानाजवळ मऊ पडते, पण पातळ पंखावर काही टेकलेले असेल तर त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानातही तो हळूहळू वाकतो. रंगवण्याआधी वाकलेला सुटा पंख गरम पाण्यात धरून, सपाट फरशीवर दाबून आणि लगेच थंड पाण्यात बुडवून सरळ करता येतो. रंगवलेल्या पंखावर हा प्रयोग केल्यास डिकल सुटतात.