सायटिसिनवर सिगारेट सोडताना: २५ दिवसांचं वेळापत्रक

लॅबर्नम या युरोपीय झाडाच्या बियांत सायटिसिन असतं; सिगारेट सोडायला त्याच्याच गोळ्या देतात. मेंदूत निकोटिन जिथे चिकटतं तिथेच तेही चिकटतं, पण काम अर्धवट करतं: तलफ मंदावते आणि वर ओढलेली सिगारेट फिकी लागते. आपल्या बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात म्हणून शेंगा उकळत बसू नका. त्यात सायटिसिन नसतं, जुलाब मात्र होतील. खऱ्या लॅबर्नमच्या बिया तर विषारीच.

आधी डॉक्टर, मग गोळी. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला, हृदयाचे ठोके बिघडलेले, गरोदरपण, अंगावर पाजणं, क्षयाची औषधं चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर हे औषध नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनी जोडीला निरोधही वापरावा.

गोळी १.५ मिलिग्रॅमची. पहिले ३ दिवस दर २ तासांनी एक: सकाळी ७, ९, ११, दुपारी १, ३, ५, म्हणजे दिवसाला ६. चौथ्या ते बाराव्या दिवशी अडीच तासांनी, ५ गोळ्या. तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत ३ तासांनी ४, विसाव्यापर्यंत ५ तासांनी ३, शेवटचे ५ दिवस एक किंवा दोन. एकूण साधारण १०० गोळ्या.

पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण बंद. इथेच बहुतेकांचं फिसकटतं: ‘दोनच ओढतो’ म्हणत गोळ्याही चालू ठेवतात, मग मळमळ वाढते आणि दोष गोळीला. जमलंच नाही तर कोर्स थांबवा, २-३ महिन्यांनी पुन्हा सुरू करा. गोळी चुकली तर पुढची दुप्पट घेऊ नका. औषध शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून दिवसभराचे गजर मोबाइलवर आधीच लावा.

चमत्काराची अपेक्षा नको. वॉर्सामधल्या ७४० जणांच्या चाचणीत वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले ८.४ टक्के, नुसत्या साखरगोळीवर २.४. सोबत समुपदेशन हवंच. त्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे.

तोंड कोरडं पडणं, विचित्र स्वप्नं, झोप उडणं हे होतं. झोपेचं खापर मात्र लगेच गोळीवर फोडू नका. धूर थांबला की यकृत कॅफिन सावकाश निचरतं, त्यामुळे नेहमीचाच चहा जास्त चढतो. कप निम्मे करा. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल तर त्याचंही प्रमाण रक्तात याच कारणाने वाढतं. त्याचा डोस सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या.