नवी बॅटरी बसवल्यानंतर लॅपटॉप चार्ज होत नसेल तर

घरच्या घरी बॅटरी बदलल्यावर लॅपटॉप चार्जरशिवाय सुरूच होत नसेल, तर बॅटरी सदोष आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिचा कनेक्टर तपासावा. कारण तो वरवर बसलेला दिसला तरी एका बाजूने किंचित उचललेला असू शकतो. त्यासाठी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, कनेक्टर सोडवून पॉवर बटण सुमारे 30 सेकंद दाबून धरावे आणि मग कनेक्टर सरळ रेषेत, पूर्ण टेकेपर्यंत बसवावा. काही नव्या बॅटऱ्या वाहतुकीपुरत्या निद्रावस्थेत ठेवलेल्या असतात. त्या चार्जर जोडल्यावरच जाग्या होतात.

चार्जिंगची टक्केवारी अचानक 40 वरून 5 वर घसरत असेल, तर एकदा पूर्ण चार्ज करून लॅपटॉप आपोआप बंद पडेपर्यंत वापरावा व सलग पुन्हा पूर्ण चार्ज करावा. चार्जिंग नेमके 80 टक्क्यांवर थांबत असल्यास तो बहुधा बिघाड नसतो, बॅटरीचे आयुष्य वाढवणारी सेटिंग चालू असते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमतेपेक्षा पूर्ण चार्जची क्षमता फारच कमी दिसली, तर मात्र बॅटरी परत करणेच शहाणपणाचे. टचपॅड वर उचलला गेल्यास किंवा बॅटरी फुगल्यास वापर तत्काळ थांबवावा. ती दाबू अथवा टोचू नये.