सीलिअॅक असताना जीवनसत्त्वं कशी घ्यावीत, विचित्र तक्रारींचं मूळ कसं शोधावं

सीलिअॅक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन खाल्ल्याने लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याचं निदान होतं, गहू बंद होतो, पोट शांत होतं. मग काही महिन्यांनी पायांना मुंग्या येऊ लागतात, केस गळतात, सारखं तोंड येतं. इंदूरच्या आपल्या मराठी घरांत अशा वेळी पहिली धाव औषधांच्या दुकानाकडे असते, एखादं चांगलं मल्टिव्हिटॅमिन आणायला. माझं कळकळीचं सांगणं आहे: गोळी आणण्याआधी रक्त तपासून घ्या.

लोह आणि फॉलिक आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सीलिअॅकचा घाव बहुधा तिथेच बसतो. त्यामुळे हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), फॉलेट (फॉलिक आम्ल), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइडच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. शाकाहारी घरात बी-१२ मुळातच कमी असू शकतं, ते वगळू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

अहवाल आला की जे कमी आहे तेवढंच, सांगितलेल्या मात्रेत घ्यायचं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियम तिच्यापासून दोन तास लांब ठेवावं. थायरॉइडची गोळी लोह-कॅल्शियमपासून चार तास दूर हवी. बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक आम्ल घेत राहू नये: रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती असते. ती रोज घेतली किंवा मनानेच महिनोन्महिने चालू ठेवली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान असा त्रास होतो. गोळीत गव्हाचा स्टार्च आहे का, हेही दुकानदाराकडून वेष्टन घेऊन वाचा.

आता नवी तक्रार उभी राहिली तर तारीख, खाल्लेले पदार्थ आणि चालू गोळ्या वहीत लिहा. मग तीन शंका घ्या: ग्लुटेन पोटात गेलं, काही कमी पडतंय, की गोळीच जास्त होतेय? मुंग्यांचंच पाहा. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात आणि बी-६ फार काळ जास्त घेतलं तरीही येतात. दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्यांतलं बी-६ मिळून किती होतं, ते मोजा.

ग्लुटेनची शंका आपल्या शहरात बारकाईने घ्यावी लागते. पोहे चालतात, शेजारची जिलेबी मैद्याची. पोह्यांवरची शेव बेसनाची खरी, पण ती कचोरीच्याच तेलात तळलेली असू शकते. सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातल्या गराडूचंही (तळलेल्या कंदाचंही) तसंच. कंद निर्दोष, कढई मात्र सगळ्यांची. बाफले गव्हाच्याच पिठाचे, ते अर्थातच नाहीत. खड्याचा नसलेल्या, पीठ मिसळून विकल्या जाणाऱ्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आणि ज्वारीसुद्धा गव्हाच्याच चक्कीवर दळली तर पिठात गहू येतो. घरी छोटी चक्की असेल तर फार बरं. विकतच्या पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तेव्हा शक्यतो तसा शिक्का असलेलंच पीठ घ्या.

कोपर, गुडघे, कुल्ले यांवर दोन्ही बाजूंना, जीव नकोसा करणारी खाज सुटून बारीक फोड आले तर त्वचेच्या डॉक्टरांना सीलिअॅक आहे हे आधी सांगा. हा त्याच आजाराचा त्वचेवरचा अवतार असू शकतो. फोडाशेजारच्या कातडीचा छोटा तुकडा तपासून तो कळतो.

चालताना तोल जाणं, वजन उतरत राहणं, शौचातून रक्त, पथ्य नीट पाळूनही न भरणारं रक्त: यांपैकी काही दिसलं तर वहीत पुढची नोंद करत बसू नका. त्याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या.