हातावरचे वळ कसे गेले (माझा अनुभव)

दोन महिने डाव्या हाताला आतून निळे वळ, आई रोज विचारायची कुणाशी भांडलास का रे. बांबूचं धनुष्य, 30 मीटरवर निशाण, आणि निम्मे बाण डावीकडं. आर्मगार्ड (दोरी लागू नये म्हणून हातावर बांधायचा पट्टा) बदलला, दोरी बदलली, घंटा फरक नाय. मग एक सीनियर दादा म्हणला, "काय बे, एसटीतला दांडा धरलाय का?"

तिथंच घोळ होता. मी धनुष्याची मूठ आवळायचो, मग मनगट आत वळायचं, सोडताना धनुष्य पिळायचं न दोरी थेट हातावर. आता धनुष्याची मूठ अंगठ्याखालच्या गादीवर टेकवतो, आयुष्यरेषेच्या पलीकडं जाऊ देत नाय, बोटांचे सांधे साधारण 45 अंशात तिरके, कोपर जरा बाहेर फिरवलेलं. अंगठा न पहिलं बोट नुसती चिकटलेली, बाकीची सैल, कारण ओढल्यावर धनुष्य तसंही तळहातावरच दाबलं जातं, धरायची गरजच नसते.

पण सोलापूरचा मे महिना, घामानं हात सटकला की बोटं आपोआप परत आवळतात. त्यावर जुन्या टॉवेलची पट्टी मुठीला गुंडाळली, दिसायला भंगार, पण चालतंय. वळ तीन आठवड्यात गेले, डावीकडं अजून एखादा जातोच.