तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवायची तर ३० तासांचे २२ धरा

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची, नेरुळला उतरायचं, दोन तास शिकवून परत. सात वर्षं मी कॉलेजात अशी तासावर पैसे घेऊन चित्रकला शिकवणारी फिरतीची बाई आहे. कोर्स बहुधा एका क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप) असतो आणि प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. कागदावर हं!

गणपती, फेस्ट, अंतर्गत परीक्षा, रुळांवर पाणी... हातात २२ तास उरतात, म्हणून आखणी तेवढ्याचीच करा. पहिल्या वर्षी मी जलरंग शेवटच्या चार आठवड्यांत ठेवले होते. पोरांनी नव्या कोऱ्या रंगपेट्या आणल्या आणि तशाच बंद घरी नेल्या. अजून लाज वाटते. जे शिकवायचंच आहे ते पहिल्या सहा भेटींत उरका.

पहिल्या दिवशी स्वतःची ओळख, कलेचा इतिहास वगैरे काही नको. हजेरीसुद्धा शेवटी. ए-थ्री कागद आणि ४बी पेन्सिल द्या आणि कागदाकडे न बघता पाच मिनिटांत स्वतःचा डावा हात काढायला सांगा. चित्रकलेच्या इंटरमीजिएट ग्रेड परीक्षेत 'ए' मिळवलेला मुलगा असो की सातवीनंतर पेन्सिल न धरलेली कॉमर्सची मुलगी, दोघांचे हात सारखेच वेडेवाकडे येतात. वर्ग हसतो आणि भीती निम्मी होते. ते कागद तारीख घालून तुमच्याकडेच ठेवा. शेवटच्या दिवशी तोच हात पुन्हा काढून घ्या. मी गुण या दोन कागदांतल्या फरकाला देते, सफाईला नाही.

ग्रेड परीक्षा दिलेल्यांची एक सवय मात्र मोडावी लागते. आधी आखीव बाह्यरेषा काढायची, मग शेडिंग बोटाने घासून गुळगुळीत करायचं. तीन आठवडे खोडरबर काढून घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या.

सामानाची यादी छोटी ठेवा: कार्ट्रिज पॅड (जाड चित्रकागदाचं), पेन्सिली २बी, ४बी, ६बी, दोन क्लिपा, कटर. पावसाळ्यात नवी मुंबईच्या दमट हवेत कागद पापडासारखा सादळतो आणि जलरंगाचा पहिला थर वाळेपर्यंत तास संपतो. म्हणून दिवाळीपर्यंत पेन्सिल आणि कोळसा, रंग त्यानंतर, वेळ उरला तर. तरी माझ्या पिशवीत हेअर ड्रायर असतोच. पोरं आधी हसतात, मग त्याच्यापुढे रांग लावतात.

एकदा तरी वर्ग बाहेर काढा. मी दोन स्टेशनं पुढे बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये नेते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी तिथे सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती मांडली होती. टॉवरमध्ये वाढलेल्या मुलांना पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दिसणं) फळ्यावर समजत नाही, त्या अंगणात बसलं की समजतं. बरीच घरं आता वाढवलेली, वर मजले चढवलेली आहेत. कोणती भिंत मूळची, कोणती नंतरची, हे शोधत काढायला सांगा. मात्र लोकांच्या दारात बसायच्या आधी विचारा, आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी आठवडाभर आधी घेऊन ठेवा.

आता पैसे. 'तास' म्हणजे ६० मिनिटं की ४८ मिनिटांची तासिका, हे होकार देण्यापूर्वीच विचारा. पोर्टफोलिओ तपासायचे वेगळे पैसे आहेत का, तेही. संकोच करू नका, मी केला होता आणि ४० पोर्टफोलिओ फुकट तपासले. प्रत्येक तासाची नोंद त्याच दिवशी करून सही घ्या. महिनाअखेरीस सही करणारी व्यक्ती रजेवर असते, हा माझा अनुभव. टीडीएस कापला असेल तर तो आयकर खात्याकडच्या तुमच्या कर-विवरणात दिसतोय का ते बघा. आणि बिलाची चौकशी करायला फोन अकरानंतरच करा, त्याआधी अकाउंट्समध्ये कुणी उचलत नाही.