मोबाइलशिवाय जेवण : माझा अनुभव

आमची मुलगी दोन वर्षांची झाली तरी मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घासासाठी तोंड उघडत नसे, आणि डोळे पडद्यावर खिळलेले असल्यामुळे पोट भरल्याचे तिला कळतही नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या वयासाठी दिवसाला फार तर १ तास पडदा असावा, त्याहूनही कमी असल्यास उत्तम, असे सांगितले. आमच्याकडे दोन जेवणांतच दीड तास जात होता.

मी आधी जेवणापूर्वीची बिस्किटे आणि दूध बंद केले, कारण भूकच नसेल तर कोणतीही युक्ती चालत नाही. मग मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तिला आमच्याच पंगतीत बसवले आणि छोट्या ताटलीत मऊ वरणभात, वर तूप व बोटांनी सहज चुरडतील अशा उकडलेल्या गाजराच्या फोडी वाढल्या. पहिले तीन दिवस फार कठीण गेले. तिने ताटली ढकलून दिली, ती रडली, आणि सासूबाईंचा जीव कासावीस झाला. मी मात्र न रागावता, आर्जवे न करता, अर्ध्या तासाने ताटली उचलत राहिले. चौथ्या दिवशी तिने भाताचा गोळा स्वतः उचलला, निम्मा फ्रॉकवर सांडला आणि उरलेला तोंडात घातला. तेव्हापासून मी तिचे घास मोजत नाही.